अण्णांचा पहिला समुद्र

आमच्या ऑफिसमध्ये 'रिलीज' या शब्दाचा अर्थ फार वाईट आहे. रिलीज म्हणजे शुक्रवारची रात्र गेली, शनिवार गेला, आणि रविवारी सकाळी पिझ्झाच्या रिकाम्या खोक्यांमध्ये बसून "आता चालतंय का बघ रे" म्हणणारा टीम लीड. त्यामुळे आम्ही चौघांनी मार्चमध्ये वेळासला जायचं ठरवलं, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला, तेव्हा आमच्यातल्या एका अतिहुशाराने व्हॉट्सॲप ग्रुपला नाव दिलं, 'खरा रिलीज'. फार हसलो आम्ही. महिनाभर आधी दोन खोल्या बुक केल्या, ॲडव्हान्स भरला, कोण गाडी आणणार यावर भांडूनही झालं.

आणि मग व्हायचं तेच झालं. गुरुवारी संध्याकाळी क्लायंटचा मेल आला. तिघं अडकले. मी त्या प्रोजेक्टवर नव्हते म्हणून सुटले. पण एकटीनं जाऊन करायचं काय? शिवाय घरात पाहुणे होते.

पाहुणे म्हणजे अण्णा, माझे वडील. फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते तपासणीसाठी पुन्हा पुण्याला आले होते. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, "काका, डोळा एकदम नवा झालाय. आता बघा काय बघायचंय ते!"

घरी येताना मी विचारलं, "अण्णा, समुद्र बघायला येता?"

"कशाला?"

"कासवं आहेत तिथं."

"आपल्या हिरीत हाय की कासव."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या विहिरीत खरंच कासव आहे. पण ॲडव्हान्स परत मिळणार नाही, हे मात्र त्यांना लगेच पटलं. शेतकऱ्याला निसर्गसौंदर्य पटवायला वेळ लागतो, बुडणारे पैसे एका वाक्यात पटतात.

आता आमचं गाव. नव्या ऑफिसात कुणी विचारलं, "तू मूळची कुठली गं?" की मी आधी "लातूर" म्हणते. अजून खोदून विचारलं की सांगते, "किल्लारी." समोरचा माणूस क्षणभर थांबतो. "म्हणजे... ते?" हो, तेच.

मी १९९७ ची. म्हणजे भूकंपानंतरची, नव्या किल्लारीतली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झालं ते मला पाठ आहे, पण ते शाळेत पाठ केलेलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर टाकलेलं माळवद. उन्हाळ्यात आत गारेगार. तेच माळवद त्या पहाटे खाली आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. माझं लहानपण त्यातल्याच एका नव्या गावात गेलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं. मला वाटायचं, गाव असंच असतं.

अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्या रात्री ते शेतावर, म्हणून वाचले. घरात त्यांची धाकटी बहीण होती, म्हणजे माझी आत्या. तिचा फोटो नाही, तो घराबरोबरच गेला. तिचा विषयही आमच्याकडे निघत नाही. एकदा मी विचारलं होतं, तर आई म्हणाली, "त्यांना नको विचारू बाई." मग नाहीच विचारलं.

बाकी अण्णा एकदम मजेचा माणूस. फक्त दोन सवयी सोडून. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्यांची मान आधी वर जाते, छताकडे. आणि रात्री ते दाराजवळ झोपतात. माझ्या वाकडच्या फ्लॅटमध्येसुद्धा, नवव्या मजल्यावर, बेडरूम सोडून हॉलमध्ये दाराला पाय लावून झोपतात, उशाला चपला आणि बॅटरी. रात्री बाराला शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन थरथरायला लागलं की मला आतून कळतं, अण्णा उठून बसले आहेत.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. गाडी मी चालवत होते आणि अण्णा वरचं हॅण्डल धरून बसले होते. पांढरा शर्ट-पायजमा, टोपी आणि ऑपरेशननंतरचा काळा गॉगल. मुळशी मागे टाकून ताम्हिणीत आलो तशी त्यांची कॉमेंट्री सुरू झाली. "एवढा पाऊस पडतो इथं, अन् वावरं एवढुशी?" माणगाव, आंबेत, मग सावित्रीवरचा पूल. खाली भरतीचं रुंद पाणी. त्यांनी गॉगल काढला आणि विचारलं, "हाच का समुद्र?" मी म्हटलं, "ही नदी आहे अण्णा." ते गप्प झाले. आमची तेरणा त्यांना आठवली असणार. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला मार्चमध्ये काठोकाठ भरलेली नदी दाखवणं हा तसा अन्यायच म्हणायचा.

मंडणगडवरून वळणं घेत वेळासला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. मंडणगड तालुक्याच्या टोकाला, सुपारीच्या बागांच्या सावलीत पसरलेली कौलारू घरं. इथं हॉटेल नाही, गावातल्याच घरांतून राहायचं. आमच्या काकूंनी अंगणात पाणी दिलं, कोकम सरबत दिलं. अण्णांनी उंबऱ्यात उभं राहून सवयीप्रमाणे वर बघितलं.

"कौलं हलकी असत्यात," ते म्हणाले. "लाकूडबी चांगलं हाय."

काकूंना वाटलं, पाहुणे सुतारकामातले आहेत. त्यांनी कौतुकानं अख्खं घर दाखवलं.

दुपारी जेवणात सोलकढी, फणसाची भाजी आणि मोदक होते. "गणपती नसताना मोदक?" असं विचारत अण्णांनी चार खाल्ले. मग साडेपाचला आम्ही किनाऱ्याकडे चालत निघालो. सुरूच्या झाडांतून वाट आहे. आधी आवाज येतो, मग वारा, आणि मग एकदम तो दिसतो.

अण्णा थांबले. मी मोबाईल काढून त्यांचा चेहरा टिपायला तयार होते. वडील पहिल्यांदा समुद्र बघतायत, केवढी मस्त रील झाली असती! पण ते काहीच करेनात. नुसते उभे. मग पायजमा वर खोचून पाण्यापर्यंत गेले, एक बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारंच हाय की," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांना ही बातमी ऐकीवच होती. "एवढं पाणी, अन् कामाचं नाही."

आता थोडं कासवांबद्दल. कारण मीही जाईपर्यंत 'क्यूट असतात' याच्या पलीकडे काही वाचलं नव्हतं.

कोकण किनाऱ्यावर येणारी ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, वर अरुंद आणि खाली रुंद, आपल्या रांजणासारखा. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून जागा थापटते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पुढचे पन्नासेक दिवस पिल्लांना आई म्हणजे वाळूच. वाळू तापलेली राहिली तर मुली जास्त होतात, थंड राहिली तर मुलगे. या अंड्यांवर कोल्हे, कुत्रे, कुर्ल्या, सगळ्यांचा डोळा. आणि माणसांचाही. पूर्वी इथली अंडी खाल्ली जायची, बाजारात विकली जायची.

२००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे लोक समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी या बाजूला फिरत होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना गाठलं. अंडी काढणाऱ्या हातांनीच ती राखायची, असं ठरलं. रात्री किनाऱ्यावर फेऱ्या मारायच्या, घरटं सापडलं की अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तशाच आकाराच्या, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. काही वर्षांत त्याचा महोत्सव झाला. पाहुणे येऊ लागले, घराघरात जेवणं सुरू झाली, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांना भाव आला. पुढे वनविभाग आला, बाकीच्या गावांनीही हे काम हाती घेतलं. जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. मला ही गोष्ट फार आवडली. त्यात कुणाला हीरो व्हायचं नाहीये, फक्त रात्री उठायचं आहे.

पण त्या संध्याकाळी काही म्हणजे काहीच झालं नाही.

कुंपणाच्या आत घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. प्रत्येकापाशी पाटी, अंडी कधी ठेवली आणि किती. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलून बघतात, वर पिल्लं आलेली असली तर समुद्राकडे सोडतात. आम्ही साठ-सत्तर जण दोरीच्या मागे उभे. कासवमित्र मुलानं एक टोपली उचलली, वाळू. दुसरी, वाळू. शेवटची, वाळू.

"आज नाही," तो म्हणाला.

दोरीच्या मागून जो सुस्कारा निघाला ना, तो मी फक्त सर्व्हर डाऊन झाल्यावर ऐकलाय. एक गृहस्थ चिडले, "अहो, आम्ही मुंबईहून सात तास गाडी चालवून आलोय!" कुणीतरी विचारलं, "एखादं उकरून दाखवता येणार नाही का?" मुलगा शांतपणे म्हणाला, "त्यांची वेळ झाली की येतील."

खोटं कशाला बोलू, मीही मनातून वैतागले होते. अण्णा मात्र निवांत. शेतीत आयुष्य गेलं त्यांचं, पेरलेलं उगवत नाही याची सवय आहे. ते कुंपणाला टेकून पाट्या वाचत होते. नव्या डोळ्यानं.

रात्री गावात कासवांवरची फिल्म दाखवली आणि नंतर तोच मुलगा प्रश्नांना उत्तरं देत होता. लोकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. किती जगतात? हजारात एखादं मोठं होतं असं म्हणतात. हात लावला तर चालतो का? नाही. मग मागून अण्णांचा आवाज आला. आमच्याकडचा हेल ऐकून चार माना वळल्या.

"बापू, एवढुसं लेकरू ते. दीड फूट वाळू अंगावर. मग वर येतंय कसं?"

मुलगा खुलला. म्हणाला, "काका, एकट्यानं नाही येत. अंड्यातून बाहेर आलं की ते खालीच थांबतं, बाकीच्यांची वाट बघत. पुरेशी झाली की सगळी मिळून हालचाल करायला लागतात. वरची पिल्लं छताची वाळू खरवडतात, ती वाळू खाली पडते, खालची पिल्लं ती पायाखाली दाबतात. म्हणजे छत खाली येतं आणि जमीन वर चढते. असं थोडं थोडं करत सगळा घोळका दोन-चार दिवसांत वर येतो. वरची वाळू गरम लागली की थांबतात, गार झाली की निघतात. म्हणून बहुतेक रात्री नाहीतर पहाटे."

"अन् एकटं ऱ्हायलं तर?"

"अडकतं काका. म्हणून आम्ही शेवटी घरटं उकरून बघतो."

अण्णांनी मान हलवली. पुढे काही बोलले नाहीत. त्या रात्री ते अंगणात झोपले, काकू नको नको म्हणत असताना. मला वाटलं, उकाडा होत असेल.

रविवारी सकाळी सातला पुन्हा दोरीच्या मागे. गर्दी अर्धी झाली होती, मुंबईचे गृहस्थ बहुतेक झोपले होते. पहिली टोपली उचलली आणि पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी किंचाळलीच. वाळूवर काळपट, ओलसर, काडेपेटीएवढी पिल्लं! एकावर एक चढत, सगळी घाईत. मुलानं मोजून सांगितलं, एकतीस. पाण्यापासून थोडं अलीकडे नेऊन त्यांना वाळूवर सोडलं. थेट पाण्यात का नाही सोडत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हे अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. या वाळूची ओळख त्यातूनच राहते असं मानतात. मोठ्या झालेल्या माद्या याच भागात अंडी घालायला येतात."

"गाव लक्षात ऱ्हातं म्हणा की," अण्णा म्हणाले.

"बहुतेक. पण एक गंमत सांगू का काका? २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग केलेली एक मादी २०२५ मध्ये इथं, गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातनं पार पश्चिमेला!"

"तिनं गाव बदललं म्हणायचं."

"हो ना!"

"बदलावं लागतं कधी कधी," आमचा नव्या किल्लारीचा माणूस म्हणाला.

पिल्लं निघाली होती. चार पावलं टाकायची, थांबायचं, मान वर करायची, पुन्हा चार पावलं. एक भरकटून आमच्याकडेच यायला लागलं, आणि चाळीस माणसं श्वास रोखून उभी राहिली. कुणीही हात लावायचा नाही. ते आपलं आपण वळलं. पहिली लाट आली, दहा-बारा जणांना घेऊन गेली, चौघांना परत आणून टाकलं. पुन्हा चालायला सुरुवात. शेवटचं पिल्लू गेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. रिलीज यशस्वी!

लोक चहाला पांगले. आम्हीही निघणार, तेवढ्यात अण्णा कुंपणाकडे वळले. कोपऱ्यातल्या एका घरट्यातून तीन दिवस पिल्लं येत होती, आता ते उकरून बघायचं होतं. मुलगा वाळूवर पोटावर झोपला आणि मुठीमुठीनं वाळू काढायला लागला. हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. बाहेर टरफलं येत होती, मऊ, चुरगळलेल्या कागदासारखी.

माझ्या शेजारी अण्णांनी कुंपणाचा बांबू घट्ट धरला होता. ते एकदम म्हणाले, "बापू, वरून नको. कडंनं काढ. वरची ढासळंल."

"कडेनंच काढतोय काका."

"सावकाश. ढासळू देऊ नको."

मी त्यांच्याकडे बघितलं. काळ्या गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते. पण त्यांचा उजवा हात हवेत त्या मुलाच्या हाताबरोबर हलत होता. मूठ भरून बाहेर. मूठ भरून बाहेर.

तीन पिल्लं निघाली. तिन्ही हलत होती. मग मुलगा थांबला, हात अजून आत घातला आणि चौथं काढलं. ते हलत नव्हतं. त्यानं ते सावलीत, ओलसर वाळूवर ठेवलं.

"गेलं का?" अण्णांनी विचारलं.

"बघू काका. थकलेलं असतं कधी कधी."

आम्ही बसलो. अण्णा कुंपणाच्या त्या बाजूला मांडी घालून, त्या पिल्लापासून हातभर अंतरावर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऑफिसच्या ग्रुपवर 'फोटो टाक ना यार!' असे मेसेज येत होते, मी फोन उलटा ठेवला. आणि मग त्याचा पुढचा एक पाय हलला. वल्हं मारल्यासारखा, एकदाच. थोड्या वेळानं दुसरा.

अर्ध्या तासानं ती चारही पिल्लं वाळूवर सोडली. बघायला आम्ही दोघं, तो मुलगा आणि गावातलं एक कुत्रं, ज्याला मुलानं धरून ठेवलं होतं. चौथं सगळ्यात मागे होतं. पण गेलं.

अण्णा पाण्याकडे बघत बसून राहिले. मग मला न बघताच बोलले.

"सकाळी दहापत्तुर आवाज येत होता तिचा. 'दादा' म्हणायली. मी वरून काढलं गं. दगड उचलायचा, टाकायचा. उरलेली भिंत पडली. मी कडंनं काढायला पायजे होतं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं होतं का, मला माहीत नाही. आईला नक्की नाही. मला त्या क्षणी काहीतरी शहाणं बोलायचं होतं. आमच्या कंपनीत मानसिक आरोग्यावर सेशन होतात, त्यातलं एक वाक्य आठवेना. आठवलं ते रात्रीचं.

"अण्णा, तुम्ही एकटे होतात. एकट्याचं काम नव्हतं ते."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग गॉगल काढला, डोळे पुसले (डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका असं बजावलं होतं, पण मी गप्प बसले) आणि म्हणाले, "हाव. गावात ज्याचा त्याचाच आवाज येत होता. कोण कुणाला येणार?"

मग त्यांनी मला आत्याचं नाव सांगितलं. पहिल्यांदा. ती आठवीत होती, हेही. गणपतीसमोर तिनं काढलेली रांगोळी सगळ्या गल्लीनं बघितली होती, हेही. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते मला सांगितलंय, अजून मला वापरून बघायचंय.

परतीच्या वाटेवर अण्णा झोपले. ताम्हिणीच्या वळणांवर, गाडीत, दुपारी, चक्क घोरत. मी त्यांना असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला अगदी खरं सांगायचंय, म्हणून हेही सांगते की घरी आल्यावर ते पुन्हा दाराजवळच झोपले, उशाला चपला घेऊन. एका वीकएण्डनं माणूस बदलतो हे जाहिरातीत असतं. पण रात्री बाराला शेजाऱ्यांचं मशीन सुरू झालं, तेव्हा मी उठले आणि हॉलमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी बसले. दोघं मिळून मशीन थांबायची वाट बघितली. धुणं संपलं. झोपलो.

सोमवारी ऑफिसमध्ये तिघांनी विचारलं, "कसा होता खरा रिलीज?" मी एकतीस पिल्लांचा व्हिडिओ दाखवला. चार पिल्लांचा माझ्याकडे नाहीये.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली असते. शाळेत असताना आम्ही रांगेनं जायचो. नोकरी लागल्यापासून मी एकदाही गेले नाही. त्या सुमारास नेमका कुठला तरी रिलीज असतोच. अण्णा म्हणालेत, या वेळी ये, जुन्या गावात आपलं घर कुठं होतं ते दाखवतो. तिथं आता झाडोरा आणि दगड आहेत, पण त्यांना जागा बरोबर माहिती आहे.

रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. आमच्या सिस्टीममध्ये कारण निवडावं लागतं. आजारपण, लग्न, प्रवास, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली रिकामी चौकट आली, तिथं लिहिलं, 'आत्याकडे जायचंय.'

जायचंय?

कधी : पिल्लं बाहेर येण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे गावात फोन करून विचारूनच निघा. महोत्सव वेळासप्रमाणेच दापोली तालुक्यात आंजर्ल्यालाही होतो.

कसं : पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असा रस्ता. पाच-सहा तास धरा. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडला ते वेशवी फेरीबोट, गाडीसकट.

राहणं : गावकऱ्यांच्या घरीच. शनिवार-रविवार लवकर भरतात. आठवड्यातले दोन दिवस रजा काढता आली तर गर्दीही कमी आणि मोदकही जास्त.

जवळपास : बाणकोटचा किल्ला, सावित्रीच्या मुखावर. संध्याकाळी पिल्लं आली नाहीत, तर निदान सूर्यास्त तरी बघून होतो.

नियम : दोरी ओलांडायची नाही, पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, रात्री किनाऱ्यावर पांढरी बॅटरी नाही. आणि "एखादं उकरून दाखवा" असं तर अजिबात म्हणायचं नाही.

सोबत : ज्यांनी अजून समुद्र पाहिला नाही असं घरातलं कुणीतरी.